जिप्सी मागून बसली आहे: पाटे मारून घ्यावे की नवे टाकावे?

कळव्याचा_जिप्सीवाला

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज नाइलाज झाला म्हणून धागा काढतोय.

गाडी २००३ ची जिप्सी किंग, एमपीएफआय, हार्डटॉप. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग झालंय, कागद सगळे स्वच्छ. २०१८ मध्ये एकाकडून दोन इंचाचा लिफ्ट करून घेतला, म्हणजे चारही बाजूंना लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चासीला जोडणारा झुलता दुवा) आणि मागे प्रत्येक बाजूला एकेक जादा पाटा (पाटे म्हणजे लीफ स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या). पहिली तीन वर्षं गाडी अशी दिसायची की सिग्नलला रिक्षावाले पण वळून बघायचे. आता मागून अशी बसलीये की म्हशीने पाण्यात बैठक मारल्यासारखी दिसते, त्यातही डावीकडे जास्त. बायको, दोन मुलं आणि दोन दिवसांचं सामान घेऊन निघालो की गायमुखच्या चढाला प्रत्येक खड्ड्यात मागचा स्टॉपर रबर ठाण करून लागतो. रात्री समोरचे सगळे मला डिपर मारतात, माझा अप्पर चालूच नसतो तरी.

तीन मिस्त्रींना दाखवली. पहिला म्हणाला शॉकअप गेलेत, चारही बदला. दुसरा म्हणाला पाटे काढून कमान मारून (ठोकून पुन्हा बाक देऊन) आणू, चार-पाच हजारात काम होईल. तिसरा म्हणाला एक्सल आणि पाट्याच्या मध्ये लोखंडी ब्लॉक टाकू, अर्ध्या दिवसात दोन इंच वर. मला तिसरा पर्याय स्वस्त आणि झटपट वाटतोय. शनिवारी जायचा विचार आहे. कोणी केलंय का?

लो_रेंज_राजा

जिप्सी आणि आरामदायक बैठक ही दोन्ही एका वाक्यात पहिल्यांदाच वाचली.

विंचू

आमच्याकडे नियम होता, जिप्सीत चहा प्यायचा नाही, पिऊन बसायचं. (हलके घ्या.)

ऐरोली_पूल

शॉकअपवाल्याला आधी बाद करा. साधे तेलाचे शॉकअप गाडीचं वजन पेलतच नाहीत, ते फक्त पाट्याची उसळी दाबतात. शॉकअप पूर्ण काढून टाकला तरी उभी गाडी जवळपास तेवढ्याच उंचीवर उभी राहते, गॅसवालेही फारच थोडी उचलतात. शॉकअप गेलेला असेल तर गाडी खड्ड्यानंतर झोके खाते, बसत नाही. तुमची बसलीये म्हणजे रोग पाट्यात, शॅकलमध्ये नाहीतर त्यांच्या सांध्यातल्या बुशमध्ये.

घाटकरी

ब्लॉकला माझा पाठिंबा. माझ्या पिकअपला मागे टाकलेत, दोन वर्षं झाली, माळशेज किती वेळा केला त्याची गणती नाही, काही झालेलं नाही. यू बोल्ट (पाटा एक्सलला आवळणारे) तेवढे लांब घ्यावे लागतात.

बेलापूरकर_नाना

घाटकरी, तुमच्या पिकअपला चालेल, कारण तिचा पाटा एक्सलच्या वर बसतो. जिप्सीचा पाटा एक्सलच्या खाली असतो. आता डोळे मिटून बघा, पाटा खाली, एक्सल वर, मध्ये दोन इंचाचा ठोकळा घातला तर पाटा एक्सलपासून आणखी दोन इंच खाली जाणार, आणि चासी पाट्याला लटकलेली, म्हणजे ती पण पाट्याबरोबर खाली. गाडी वर जायच्या ऐवजी दोन इंच बसेल. ज्या मिस्त्रीने हे सांगितलं त्याने बहुतेक जिप्सीच्या खाली वाकून बघितलंच नाहीये. शनिवार रद्द कर बाळा.

लो_रेंज_राजा

दंडवत नाना. लो रायडर जिप्सी, ठाण्यात पहिलीच.

घाटकरी

हे माहीत नव्हतं, मागे घेतो. पण पाटे वर घेऊन मग ब्लॉक?

बेलापूरकर_नाना

पाटे एक्सलच्या वर घ्यायचे म्हणजे एक्सलवर नवीन बैठका वेल्ड करायच्या, स्टिअरिंगची सळई आडवी येते तिचं बघायचं, ब्रेकचे होज लांब करायचे, शॉकअप लांब घ्यायचे. पाच इंचाच्या आसपास उंची मिळते आणि मग त्या उंचीची डोकेदुखी. करणारे करतात. ह्या पोराला बायको-मुलांना घेऊन घाटात जायचंय, त्याला कशाला शिकवताय.

आता मुद्द्याचं. मी एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी पाट्याच्या खात्यात, तेव्हा थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

पहिलं, गाडी सपाट जागी उभी कर, सोसायटीच्या उतारावर नको. जमिनीपासून मोजू नकोस, टायरची हवा आणि झीज मध्ये येते. चाकाच्या बरोबर मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या काठापर्यंत टेप लाव, चारही चाकं. आकडे इथे टाक.

दुसरं, शॅकल किती लांब घातलेत ते मोज. लोकांना वाटतं दोन इंच लांब शॅकल म्हणजे दोन इंच लिफ्ट. तसं नसतं. पाट्याचं एकच टोक खाली जातं, दुसरं जागेवरच, एक्सल मधोमध, म्हणजे मिळते निम्मी उंची, एक इंच. तुझा उरलेला एक इंच त्या जादा पाट्याने दिला होता आणि आता तोच बसला असणार.

तिसरं, पाट्यांच्या कडेला बॅटरी मारून बघ. यू बोल्टच्या पट्टीच्या जवळ कुठे लालसर गंजाची बारीक रेघ पाट्याच्या आडवी दिसते का. डावी बाजू जास्त खाली आहे म्हणतोस तर डावीकडे आधी बघ.

मृण्मयी_खारघर

माझ्या २००८ च्या स्कॉर्पिओला मागे कॉइल आहे, तीही अशीच बसली होती. मी आधी कॉइलखाली रबराचे स्पेसर टाकले. उंची आली पण माणसं भरली की पुन्हा तेच, कारण स्पेसरने स्प्रिंगची ताकद तसूभरही वाढत नाही, ती फक्त उंच पाटावर बसते. नंतर कॉइलच्या आत बसणारे हवेचे फुगे टाकले, सामान असलं की २५ पीएसआय, रिकामी असली की ८-१०. गेली तीन वर्षं सुखात आहे. जिप्सीला असं काही मिळत नाही का?

ऐरोली_पूल

पाट्यांसाठी वेगळ्या प्रकारचे मिळतात, चासी आणि एक्सलच्या मध्ये बसणारे. पण फुगा हा कधीतरी भरणाऱ्या गाडीसाठी बरा. वजन कायमचंच असेल तर पाटाच त्या वजनाचा हवा. आणि तुटलेल्या पाट्यावर फुगा म्हणजे मोडलेल्या पायावर नवी चप्पल.

आरटीओ_बाबा

रंगाचा बेरंग करतोय पण सांगणं भाग आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचून ठेवा. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल चालत नाही. पुढचं पासिंग दर पाच वर्षांनी आहे, तेव्हा निरीक्षकाने शॅकल बघितले तर बाहेर काढायला लावू शकतो. मूळ शॅकल भंगारात दिले नसतील अशी आशा.

विंचू

बाबा, मुंब्रा बायपासच्या खड्ड्यांनी गाडीच्या मूळ रचनेत जे बदल केलेत ते कोणत्या कलमात बसतात?

कळव्याचा_जिप्सीवाला

नाना, खूप आभार, शनिवार रद्द केला.

बायकोचा शिवणाचा टेप घेऊन मोजलं (त्यावर आता ग्रीस लागलंय, तो वेगळा धागा होईल). पुढे दोन्हीकडे ४८ सेंमी, मागे उजवीकडे ४६, मागे डावीकडे ४३.५. शॅकल मूळपेक्षा बरोबर ५ सेंमी लांब. मागचे शॅकल इतके मागे कलंडलेत की जवळजवळ आडवे झालेत. लाल रेघ दिसली नाही, पण सगळंच लाल आहे. गाडी वर्षातले चार महिने विटाव्याच्या पुलाखालच्या पाण्यातून जाते, तेव्हा गंजाला काय तोटा.

बेलापूरकर_नाना

अडीच सेंटीमीटरचा फरक आहे दोन बाजूंत. नुसत्या थकव्याने एवढा पडत नाही. डावीकडे काहीतरी मोडलंय.

शॅकलचंही बरोबर आहे. पाटा सपाट होतो तसा लांबीने वाढतो आणि शॅकलला मागे ढकलतो. लांब शॅकल आणि ढिला पाटा एकत्र आले की एखाद्या दिवशी मोठ्या खड्ड्यात शॅकल उलटा पडून चासीला जाऊन अडकतो, मग गाडी एका बाजूला झोपते. तोवर वाट बघू नकोस. आणि लांबचा प्रवास बंद.

रबाळे_भट्टीवाला

उशिरा आलो, पण पाटे मारण्याबद्दल माझा पोटापाण्याचा धंदा आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे हीट ट्रीटमेंटच होते, पाट्यांची नाही पण स्टील त्याच जातीचं, सिलिकॉन-मँगनीजवालं.

पाटा म्हणजे नुसती वाकवलेली पट्टी नव्हे. तो साधारण ८५०-९०० डिग्रीला तापवतात, तेलात बुडवून कडक करतात, मग पुन्हा ४५०-५०० च्या आसपास धरून त्याचा ठिसूळपणा काढतात. आपला लोहार विळ्याला पाणी देतो तेच, फक्त मोजूनमापून. आता रस्त्यावरचा पाटेवाला काय करतो? गॅसची बत्ती मारून मधला भाग लाल करतो, वाकवतो, आणि हवेत टाकून देतो. झालं, तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, तो आता साधी लोखंडी पट्टी. घरी आणल्यावर गाडी उंच दिसते, पैसे देताना आपण खूश, आणि गणपती ते दिवाळी एवढ्यात परत जमिनीला. म्हणून माझं मत, पाटे मारू नका, नवे टाका.

बेलापूरकर_नाना

भट्टीवाले, बत्ती मारलेल्या पाट्याबद्दल शंभर टक्के अनुमोदन. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आमच्याकडे पाटा खोलला की प्रत्येक पट्टी वेगळी करायची, तडा बघायचा, आणि न तापवता, थंडच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाबोटावर घण मारत कमान द्यायची. मग सगळ्यांची कमान एकमेकींवर ठेवून जुळवायची, वरचा पाटा खालच्याला टेकताना मध्ये थोडी फट राहिली पाहिजे. असे मारलेले पाटे मी लाल डब्याला वर्ष-दीड वर्ष चाललेले बघितलेत.

रबाळे_भट्टीवाला

नाना, मान्य, पण तुमच्याकडे दीड वर्षाने परत खोलून बघायला माणूस पगारावर होता. इथे एकदा लावला की लोक गाडी विकेपर्यंत बघत नाहीत. थंड मारलेला पाटा हळूहळू परत बसतोच, कारण स्टील एकदा थकलंय. आणि घणाच्या प्रत्येक घावाची खूण वरच्या अंगाला राहिली तर तडा तिथूनच सुरू होतो.

बेलापूरकर_नाना

घण कुठल्या अंगाने मारायचा हे माहीत असलं तर खूण चुकीच्या अंगाला राहत नाही. तुम्ही भट्टी बघितलीये, मी घण बघितलाय.

रबाळे_भट्टीवाला

भांडण नाही नाना. तुमच्या हातचा पाटा असता तर मीही घेतला असता. पण तो हात आता कुठे मिळतो?

बेलापूरकर_नाना

ते मात्र खरं. कळंबोलीला ट्रकच्या अड्ड्याजवळ एक म्हातारा होता, आता त्याचा मुलगा फक्त नवे पाटे विकतो.

मृण्मयी_खारघर

धागाकर्ते, एक विचारू का? गाडीत नेमकं काय काय बसवलंय? मागचा बंपर, कॅरिअर वगैरे? कारण माझ्या स्कॉर्पिओत मी ड्रॉवर काढले तेव्हाच गाडी बोटभर वर आली होती.

कळव्याचा_जिप्सीवाला

आता लाज वाटतेय. मागे जाड पाइपचा बंपर, त्यालाच स्टेपनीचा हात. आत प्लायवूडचे दोन ड्रॉवर, मी स्वतः बनवलेत, १९ एमएमचा प्लाय, जरा जास्तच मजबूत झालेत. सासऱ्यांनी दिलेली टूलबॉक्स, ती कधी उघडत नाही पण काढली तर विषय निघतो. पाण्याचा २० लिटरचा कॅन. हायलिफ्ट जॅक. वर लोखंडी रॅक. पुढे विंच. एवढंच.

विंचू

"एवढंच."

लो_रेंज_राजा

शिवाजी महाराजांच्या फौजेचा दाणागोटा याहून कमी असेल.

ऐरोली_पूल

वजनकाट्यावर जा. तुर्भे-महापे पट्ट्यात हवे तेवढे आहेत, ट्रकच्या रांगेत उभं राहायचं. एकदा पूर्ण गाडी, मग पुढची चाकं खाली उतरवून फक्त मागची काट्यावर. दोन पावत्या घ्या. इथे अंदाजपंचे बोलण्यापेक्षा ते बरं.

कळव्याचा_जिप्सीवाला

आज सकाळी महापेला जाऊन आलो. ऑपरेटरने विचारलं "माल काय?", म्हटलं मीच. त्याने खिडकीतून मान बाहेर काढून गाडी बघितली आणि काही न बोलता बटण दाबलं.

टाकी भरलेली, मी एकटा आत. पूर्ण गाडी १३९०. फक्त मागची चाकं ८३०. काटा पाचच्या पटीत दाखवतो, तेवढी चूक धरा.

कंपनीच्या कागदात हार्डटॉप हजार किलोच्या आसपास आहे. मी ऐंशी किलोचा. म्हणजे तीनशे किलो मी रोज कळवा ते महापे विनाकारण फिरवतोय, त्यात माणसं आणि सामान अजून मोजलेलंच नाही.

घरी येऊन बाथरूमच्या काट्यावर एकेक मोजलं. ड्रॉवर ४५, टूलबॉक्स २८, कॅन २२, जॅक १३, रॅक ३५ (मी रॅक धरून काट्यावर उभा, मुलगा आकडा वाचणार, शेजारचे काका विचारणार काय चाललंय). मागचा बंपर स्टेपनीच्या हातासकट, बनवणाऱ्याच्या बिलावर ६२.

ऐरोली_पूल

बंपरचं गणित अजून वाईट आहे. तो एक्सलच्या मागे लटकतो ना, म्हणजे तराफ्याच्या टोकाला बसलेल्या माणसासारखा. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ एमएम. बंपर एक्सलच्या ७० सेंमी मागे धरला तर ६२ किलोचे मागच्या एक्सलवर ८० च्या आसपास पडतात आणि पुढच्या चाकांवरून १८ उचलले जातात. म्हणून तुमचे दिवे आकाशात बघतात. घोडबंदर रोडवर समोरच्यांनी दिलेल्या शिव्या त्या अठरा किलोच्या.

विंचू

वाखु (वाचनखूण) साठवली. पुढच्या वेळी आमच्या हिला घेऊन जाईन काट्यावर, गाडीला. गाडीला म्हणालो.

आरटीओ_बाबा

अवांतर: तुमच्या गाडीचं वजन आरसी बुकात जे लिहिलंय त्यापेक्षा किती जास्त आहे ते बघून ठेवा.

तलावपाळी

मीही जिप्सीवाला, १९९८ ची, अजून कार्ब्युरेटर. माझा अनुभव उलटा आहे. मी पाट्यांत भर टाकायच्या ऐवजी एक काढला. रिकामी गाडी इतकी कडक होती की रस्त्यावरच्या प्रत्येक टाक्याला डोकं छताला. जाडीचा हिशोब लोक विसरतात, पाट्याची जाडी सहाची सात एमएम केली तर कडकपणा दीडपटीहून जास्त वाढतो. तेव्हा दुकानदार म्हणतो हेवी घ्या, सुपर हेवी घ्या, घेऊ नका. आधी ड्रॉवर जाळा.

कळव्याचा_जिप्सीवाला

ड्रॉवर जाळणार नाही, तीन रविवार गेलेत त्यात. पण काढतो.

ऐरोली_पूल

पाटे खोलायला टाकाल तेव्हा या दोन-तीन गोष्टींवर स्वतः उभे राहा, मिस्त्रीवर सोडू नका. यू बोल्ट नवे घ्या, जुने ताणलेले असतात, ते परत तेवढे आवळले जात नाहीत. सेंटर बोल्टही (पाट्यांच्या मधल्या भोकातला) नवा. रबरी बुश असतील तर शॅकलचे आणि पाट्याच्या पुढच्या डोळ्याचे (टोकाच्या वळ्याचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे, घोड्यांवर (स्टँडवर) लटकलेली असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि सहा महिन्यांत फाटतं. आणि ५०० किलोमीटरनंतर परत टॉर्क पाना लावायचा. मागच्या ब्रेकला एक्सलशी जोडलेला वजनाप्रमाणे दाब ठरवणारा वॉल्व्ह असेल तर त्याची सेटिंग परत करा, उंची बदलली की तो फसतो आणि मागचा ब्रेक कमी लावतो.

घाटकरी

पाट्यांमध्ये ग्रीस लावायचं की नाही? आमच्याकडे काळं ऑइल ओततात. चूं चूं आवाज बंद होतो.

बेलापूरकर_नाना

काळं ऑइल ओतलंस तर धूळ चिकटून त्याचा सँडपेपरसारखा लेप बनतो, आणि ओघळून बुशवर गेलं की रबर फुगतं. खोलल्यावर घासून, ग्रॅफाइट लावून बसवायचं. नंतर चूं चूं झालं तर झालं, जिप्सीला आवाज असायचाच.

लो_रेंज_राजा

अवांतर: रबाळेला कोण जेवायला कुठे जातं? भट्टीवाले सांगा.

रबाळे_भट्टीवाला

स्टेशनजवळच्या गाडीवर पोळीभाजी. पण बारानंतर मिळत नाही. आता विषयावर या.

*(तीन आठवड्यांनी)*

कळव्याचा_जिप्सीवाला

मंडळी, उशीर झाला, मध्ये आठ दिवस गाडी घोड्यांवर होती आणि पाऊस असा की मिस्त्री ताडपत्रीखाली.

नानांना साष्टांग. डाव्या बाजूचा संच खोलला, यू बोल्टची पट्टी काढली, सेंटर बोल्ट काढला, आणि दुसऱ्या नंबरचा पाटा हातात दोन तुकडे होऊन आला. बरोबर सेंटर बोल्टच्या भोकातून मोडलेला. बाहेरून काही दिसणं शक्यच नव्हतं, सगळं पट्टीखाली दडलेलं. मोडलेल्या तोंडाला जवळून बघितलं, भोकाच्या कडेपासून निम्म्यापर्यंत काळाकुट्ट जुना गंज, पुढे थोडा तपकिरी, आणि अगदी शेवटचा बोटाच्या नखाएवढा भाग चकचकीत, साखरेसारखा दाणेदार. म्हणजे तो बरीच वर्षं थोडा थोडा तुटत होता आणि शेवटचा झटका कुठेतरी हल्ली बसला. जादा टाकलेला पाटाही बघितला, आखूड आणि जाड, त्याच्या टोकाशी वरच्या पाट्यावर वाटीसारखा खड्डा पडलाय.

मिस्त्रीने यू बोल्ट दाखवले. आटे इतके ताणलेले की नट हाताने अर्ध्यावर फिरतो आणि मग अडकतो. २०१८ ला लिफ्ट करणाऱ्याने जुनेच परत लावले होते, आणि त्यानंतर मीही एकदाही आवळले नाहीत, तेव्हा दोष निम्मा माझा.

बेलापूरकर_नाना

यू बोल्ट ढिला झाला की पाटा त्या भोकाशीच वाकत राहतो. घट्ट असता तर पट्टीखालचा भाग हललाच नसता. एसटीत तर ड्रायव्हरलाही सांगायचो, पाना नाही तर निदान हातोडीने ठोकून आवाज ऐक. घट्ट बोल्ट खणखणतो, ढिला ठप्प वाजतो.

पुढे काय केलंस ते सांग.

कळव्याचा_जिप्सीवाला

नवे पाटे, दोन्ही बाजूंना, मूळ मापाचे. त्यात एक पूर्ण लांबीचा जादा पाटा, आखूड नाही. सुपर हेवी घेतला नाही. शॅकल मूळ लावले, माळ्यावर गोणपाटात सापडले (बाबा खूश व्हा). बुश, यू बोल्ट, सेंटर बोल्ट नवे. मजुरीसकट साडेसतरा हजार. ज्या शॉकअपचे पहिला मिस्त्री आठ हजार मागत होता ते दाबून बघितले, ठणठणीत आहेत, तेच ठेवले.

ड्रॉवर, रॅक आणि पाण्याचा कॅन घरी. टूलबॉक्समधला फक्त पान्यांचा रोल गाडीत, पेटी गॅलरीत, त्यावर सध्या तुळस आहे त्यामुळे सासऱ्यांना काही बोलता येत नाही.

पुन्हा महापेला गेलो, ऑपरेटरने ओळखलं. पूर्ण गाडी १२६०, मागची चाकं ७१५. टेपने मागे उजवीकडे ४७.५, डावीकडे ४८. पुढचे लांब शॅकल अजून तसेच आहेत, ते पुढच्या महिन्यात. शनिवारी माळशेजला गेलो, चौघं आणि दोन बॅगा, एकदाही ठाण झालं नाही आणि येताना कोणी डिपर मारला नाही.

एक शंका राहिलीये. आधी सत्तरच्या वर गेलं की बुडाखाली घरघर यायची, लांब शॅकलनंतर सुरू झालेली. ती आता आपोआप गेली. कशामुळे?

ऐरोली_पूल

मागचा शॅकल लांब केला की पाट्याचं मागचं टोक खाली जातं, त्याच्याबरोबर एक्सल थोडा फिरतो आणि पिनियनचं नाक (एक्सलला शाफ्ट जिथे जोडतो ते टोक) वर होतं. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (वाकणाऱ्या सांध्यांचे) कोन मग जुळत नाहीत, एक जास्त वाकतो एक कमी, आणि वेग वाढला की घरघर. मूळ शॅकल आले, कोन जागेवर. पण क्रॉस एकदा हलवून बघा, इतकी वर्षं वाकड्यात फिरलेत.

कळव्याचा_जिप्सीवाला

बघतो. ५०० किलोमीटर अजून झाले नाहीत, ४१० झालेत. येत्या रविवारी पाना लावतो.

तलावपाळी

उजवीकडचा अर्धा सेंटीमीटर तुमच्या ऐंशी किलोचा. बाहेर उभं राहून मोजा.

कळव्याचा_जिप्सीवाला

बाहेर उभं राहूनच मोजलं होतं. आता पाऊण किलोमीटर चालत ऑफिसला जातोय, गाडी लांब लावून.

नेरुळ_वॅगनवाला

नमस्कार, धागा वाचला, छान माहिती. माझी वॅगन आर आहे, २०११ ची. तीही मागून बसलीये, चौघं बसले की मागचे टायर आत गेल्यासारखे दिसतात. मिस्त्री म्हणतोय शॉकअप बदला. इथेच विचारलं तर चालेल का?

विंचू

सीएनजी आहे का?

नेरुळ_वॅगनवाला

हो, बाहेरून बसवलेला. का?

बेलापूरकर_नाना

शॉकअपवाल्याला फोन करून नाही म्हण. मग महापेला जा, दोन पावत्या आण.

लो_रेंज_राजा

आणि ऑपरेटरने माल काय विचारलं तर सांग, धाग्यावरून आलोय.